जुनी लक्झरी इलेक्ट्रिक एसयूव्ही घेताना भीती नेमकी कशाची बाळगावी

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कोथरूडला राहता. रोजचं पळणं ४० किलोमीटर, आणि महिन्यातून एकदा आई-वडिलांना घेऊन संगमेश्वरजवळच्या गावी फेरी. बजेट ५० लाख. समोर दोन गाड्या आहेत. एक २०२१ ची ऑडी ई-ट्रॉन ५५, ३१ हजार किलोमीटर झालेली, एका कंपनीच्या नावावर, ४९ लाख सांगतायत. दुसरी २०२३ ची व्होल्वो एक्ससी४० रिचार्ज, ४४ हजार किलोमीटर झालेली, घरगुती मालकाची, ३९ लाख. ऑडीवाला डीलर म्हणतो, "बॅटरी हेल्थ ९८ टक्के आहे साहेब, डोळे झाकून घ्या." आणि तुमची झोप उडालीय ती एकाच विचाराने, की उद्या बॅटरी गेली तर काय?

मी बारा वर्षं अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये डायग्नोस्टिक्सवर काम केलं. आता चिंचवडला लोकांनी घ्यायला काढलेल्या जुन्या गाड्या तपासून देतो. इलेक्ट्रिक गाडी घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस हीच भीती घेऊन येतो, आणि मला दरवेळी तेच सांगावं लागतं. भीती बरोबर आहे, पण जागा चुकलीय. या गाड्यांत लोकांचा खिसा रिकामा करणारी गोष्ट सहसा बॅटरी नसते. बॅटरीवर आठ वर्षांची वॉरंटी असते. बाकी गाडीची मूळ वॉरंटी मात्र दोन-तीन वर्षांत संपते. खरी जोखीम या दोन तारखांच्या मधल्या पट्ट्यात आहे, आणि तुमच्या दोन्ही गाड्या नेमक्या त्याच पट्ट्यात उभ्या आहेत.

आधी बॅटरीचंच सांगतो, म्हणजे मन मोकळं होईल. ई-ट्रॉन ५५ ची बॅटरी कागदावर ९५ किलोवॅट-अवरची, म्हणजे विजेच्या ९५ युनिटची. त्यातली वापरायला मिळते साधारण ८६.५. बाकीचा भाग कंपनीने राखून ठेवलाय. म्हणजे तुमच्या पडद्यावर १०० टक्के दिसतं तेव्हाही सेल काठोकाठ भरलेले नसतात. लिथियमच्या सेलला दोन गोष्टी मारतात, एक उष्णता आणि दुसरी भरलेल्या अवस्थेत पडून राहणं. राखीव भाग मोठा असल्यामुळे या गाडीच्या बॅटरीचं वय हळू चढतं. आत ३६ मॉड्यूल आहेत आणि प्रत्येकात १२ सेल. एखादं मॉड्यूल बिघडलं तर तेवढंच बदलता येतं, अख्खी बॅटरी फेकावी लागत नाही. एक्ससी४० ची बॅटरी ७८ ची, वापरायला ७५ च्या आसपास.

वॉरंटी दोन्हींवर आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. ती गाडीबरोबर जाते, मालकाबरोबर नाही, त्यामुळे दुसऱ्या मालकालाही लागू असते. पण मोजायची गाडी पहिल्यांदा ज्या दिवशी ताब्यात दिली गेली त्या दिवसापासून. ऑडीची २०२९ ला संपेल, व्होल्वोची २०३१ ला. ही दोन वर्षं मला किलोमीटरच्या आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाची वाटतात, कारण तुम्ही पुढे गाडी विकायला काढाल तेव्हा घेणारा पहिला प्रश्न हाच विचारेल.

३१ हजार किलोमीटर म्हणजे गाडी "कमी वापरलेली", असं तुम्ही लिहिलंय. डिझेल गाडीत हे खरं मानलं असतं. इथे मी उलटा प्रश्न विचारेन, की बाकीच्या वेळी गाडी कुठे आणि किती चार्जवर उभी होती? रोज ८० टक्क्यांपर्यंत चार्ज होऊन पळणारी ६० हजारांची गाडी आणि नागपूरच्या उन्हाळ्यात उघड्या अंगणात १०० टक्के भरून महिना महिना उभी असलेली २० हजारांची गाडी, यांतली पहिली मी घेईन.

आता ते ९८ टक्के. डीलरला विचारा, हा आकडा आला कुठून? बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "फुल चार्जला इतकी रेंज दाखवते." पडद्यावरची रेंज म्हणजे मागच्या काही प्रवासांच्या सरासरीवरून गाडीने बांधलेला अंदाज. आधीचा चालक शहरात सावकाश चालवत असेल तर तो फुगतो, एक्स्प्रेसवेवर रेटत असेल तर आटतो. बॅटरीच्या तब्येतीशी त्याचा थेट संबंध नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरचा, गाडीचा चेसिस नंबर आणि तारीख छापलेला रिपोर्ट असेल तर तो धरायचा. नसेल तर स्वतः मोजायचं, आणि ते अवघड नाही.

गाडी १०० टक्के भरा, ट्रिप मीटर शून्य करा आणि एका दमात २० टक्क्यांपर्यंत चालवा. पुण्याहून कोल्हापूरच्या वाटेवर निघा, परत या. समजा ई-ट्रॉन २७० किलोमीटर पळाली आणि सरासरी वापर १०० किलोमीटरला २४ युनिट दाखवला. म्हणजे ६४.८ युनिट खर्च झाले. ते बॅटरीच्या ८० टक्क्यांतून आले, तेव्हा पूर्ण बॅटरी झाली ८१ युनिटची. ८६.५ शी भागलं तर साडेत्र्याण्णव टक्के. मोजमापात दोन-तीन टक्क्यांचा फरक राहतोच. चार-पाच वर्षांच्या गाडीत ९० च्या वर आकडा आला की मी निश्चिंत असतो. ८५ च्या खाली आला तर थांबतो आणि सर्व्हिस सेंटरकडून लेखी रिपोर्ट मागतो.

याच फेरीत शेवटी, २० टक्क्यांच्या आसपास, ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचायच्या सॉकेटला, रीडर लावून सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेजच्या सेलमधला फरक बघायचा. गाडी थांबलेली असताना दहा-वीस मिलिव्होल्ट असेल तर काही नाही. पन्नासच्या पुढे गेला तर एखादं मॉड्यूल मागे पडतंय असं मी समजतो. हा माझा कामातून बसलेला ठोकताळा आहे, कंपनीचा नियम नाही. पण सरासरी आकडा चांगला असूनही एक कमजोर सेल अख्ख्या बॅटरीला खाली खेचतो, म्हणून हे बघणं मी कधी सोडत नाही.

बॅटरीचं इथे संपलं. आता खरं दुखणं.

गेल्या पावसाळ्यात एका डॉक्टरांनी माझ्याकडे एक जर्मन एसयूव्ही आणली, कंपनीचं आणि मॉडेलचं नाव घेत नाही. रंग आरशासारखा, आतलं लेदर नवंकोरं, बॅटरी माझ्या मोजणीत ९५. डॉक्टर मनातून सौदा करून बसले होते, टोकन द्यायचं तेवढं बाकी होतं. गाडी रॅम्पवर घेतली, खालचं प्लास्टिकचं आवरण उतरवलं, आणि पुढच्या मोटरच्या खालच्या कडेला गुलाबी पावडरीसारखी एक रेघ दिसली. बोटाने घासली तर खडबडीत लागली. कूलंट, म्हणजे मोटर थंड ठेवणारं द्रव, गळून सुकला की असाच दिसतो. सर्व्हिसच्या नोंदी काढल्या, तर अकरा महिन्यांत तीन वेळा "कूलंट टॉप-अप". तीन वेळा भरला, आणि तो जातोय कुठे हे एकदाही कुणी पाहिलं नाही. मोटरच्या आत कूलंट शिरला की इन्सुलेशन जातं, गाडी सुरक्षेसाठी हाय व्होल्टेज तोडते आणि जागेवर उभी राहते. मूळ वॉरंटी तीन महिन्यांपूर्वी संपली होती. मोटरचं कोटेशन लाखांत होतं. बॅटरी ९५ टक्के असून त्या गाडीचा काही उपयोग नव्हता.

म्हणून रॅम्पशिवाय सौदा नाही, हे पक्कं धरा. डीलर म्हणेल, "गरज काय, कालच सर्व्हिस झालीय." तरीही न्यायची. ई-ट्रॉनमध्ये कूलंट मोटरच्या फिरत्या रोटरच्या पोकळ दांड्यातूनही जातो. तिथल्या सीलमधून थेंब थेंब झिरपेल हे गृहीत धरून तो साठायला एक छोटी कुपी दिलेली असते, आणि सर्व्हिसच्या वेळी ती तपासून रिकामी करायची असते. त्या कुपीची नोंद सर्व्हिस रेकॉर्डमध्ये आहे का, हे विचारा. बोनेटखालच्या टाकीतल्या कूलंटची पातळी आणि रंगही बघा. दोन वेगळ्या रंगांचा कूलंट मिसळलेला दिसला तर गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये हाताळली गेलीय.

रॅम्पवर असतानाच बॅटरीचा तळ बघा. आपले स्पीडब्रेकर आणि अडीच टनांची गाडी यांचं जमत नाही. पुढच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ओरखडे असणारच, त्याने बिघडत नाही. पण तळाला खोल पोचा असेल, बॅटरीच्या कडेचे बोल्ट उघडल्याच्या खुणा असतील, कारखान्यात मारलेली रंगाची रेघ तुटलेली असेल, तर तिथून परत फिरा. बाहेरून बसलेला मार किंवा अनधिकृत माणसाने उघडलेली बॅटरी, यांवर ती आठ वर्षांची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. तसं झालं की तुमची मूळची भीती खरी ठरेल.

पाण्यात गेलेल्या गाडीचंही तेच. सप्टेंबर २०२२ मध्ये बेंगळुरूत कोट्यवधींच्या गाड्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये बुडाल्या, डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईत पुन्हा तेच झालं. अशा गाड्या पॉलिश होऊन, पासिंग बदलून दूरच्या बाजारात येतात. चारही सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा आणि शेवटचा हातभर पट्टा बघा, चिखलाचा डाग तिथेच राहतो, कारण धुणारा तिथपर्यंत कधी पोहोचत नाही. सीट पुढे सरकवून रुळाच्या खाचेत बोट फिरवा. डिकीतलं कार्पेट उचला. वास घ्या.

ई-ट्रॉनला एअर सस्पेन्शन आहे, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या. आईंच्या गुडघ्याचा त्रास तुम्ही लिहिलाय, त्यामुळे ती आरामदायी वाटली असणार, आणि ती आहेच. पण विकत घेण्याआधी रात्रभर सपाट जागी उभी करा. संध्याकाळी चारही चाकांच्या मधोमधपासून वरच्या कमानीपर्यंत टेपने मोजा, सकाळी पुन्हा मोजा. एक कोपरा बोटभर बसला असेल तर ती पिशवी गळतेय. गळती झाली की कॉम्प्रेसर जास्त चालतो, आणि मग तोही जातो.

टायर बघताना आतली कड बघा, बाहेरून ते गोंडसच दिसतात. ई-ट्रॉनला २० इंची टायर लागतात, चार बदलायचे तर बिल लाखाच्या आसपास जातं. शिवाय एवढ्या वजनाला चालतील असेच हवेत. स्वस्तात कमी वजन झेलणारे टायर बसवलेली गाडी मी स्वतः पाहिलीय. ब्रेक डिस्कवर गंज दिसेल, विशेषतः मागच्या. मोटरच गाडी रोखते, ब्रेक क्वचित लागतात, म्हणून डिस्क गंजतात. वरवरचा गंज दहा-बारा जोराच्या ब्रेकनंतर जातो. चरे पडले असतील तर डिस्क बदलण्याचा खर्च भावातून वजा करा.

आता चार्जिंग, आणि इथे लोक हमखास फसतात. डीलरच्या आवारात फास्ट चार्जर लावून गाडी दाखवतात, वेग मस्त येतो, सगळे खूश. पण फास्ट चार्जर थेट बॅटरीला डीसी वीज देतो. तुमच्या घरच्या एसी विजेचं डीसीत रूपांतर करतो तो गाडीच्या आतला ऑनबोर्ड चार्जर, आणि तो या चाचणीत वापरलाच जात नाही. दोन वर्षांपूर्वी एका गाडीत मी पोर्टेबल चार्जरची पिशवी उघडली, तर केबलची वळी कारखान्यातल्या पट्टीने तशीच बांधलेली. मालक म्हणाला, "आम्ही बाहेरच चार्ज करतो, घरी सोय नाही." एसीवर लावली तर दोन मिनिटांत लाल दिवा. ऑनबोर्ड चार्जर मेलेला होता, आणि तो कधी मेला हे त्या मालकालाही ठाऊक नव्हतं. म्हणून एसीवर किमान तासभर, तेही थ्री फेजवर, चार्ज करून बघा. या दोन्ही गाड्या थ्री फेजवर ११ किलोवॅटपर्यंत घेतात. तुमच्या घरी सिंगल फेज असेल तर वेग बराच खाली येईल. तुमच्याच पार्किंगमध्ये, तुमच्याच मीटरवर लावून बघितलेलं सर्वांत उत्तम. अर्थिंग नीट नसेल तर हे चार्जर सुरूच होत नाहीत, आणि जुन्या सोसायट्यांत हा प्रकार सर्रास आहे. तो गाडीचा दोष नाही, पण तुम्हाला खरेदीआधी कळलेला बरा.

गाडीच्या आतल्या याच चार्जिंगच्या भागाच्या बिघाडामुळे २०२४ मध्ये ह्युंदाईने भारतातल्या १,७४४ आयोनिक ५ परत बोलावल्या आणि कियानेही ईव्ही६ बोलावल्या. त्यांच्यात चार्जिंग सांभाळणारं एकच युनिट १२ व्होल्टची छोटी बॅटरीही भरतं. ते बिघडलं की छोटी बॅटरी उतरते आणि मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी रस्त्यात मान टाकू शकते. उद्या कुणी तुम्हाला ईव्ही६ दाखवली, आणि दाखवतीलच, तर ती गाडी म्हणून उत्तम आहे, पण रिकॉलचं काम झाल्याचा कागद घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. जॅग्वार आय-पेसचं मी स्पष्ट सांगतो, स्वस्त मिळाली तरी तुमच्यासारख्याने घेऊ नये. चालवायला फार सुंदर गाडी. पण अमेरिकेत तिच्या बॅटरीला आग लागण्याच्या धोक्यामुळे रिकॉल झाले, आणि आता तिचं उत्पादनही बंद झालंय. सुट्या भागांसाठी थांबायची तयारी आणि घरात दुसरी गाडी असेल त्यानेच तिच्या वाटेला जावं.

तुमच्या व्होल्वोबद्दलही एक गोष्ट सांगायलाच हवी. २०२५ मध्ये अमेरिकेत व्होल्वोने एका विशिष्ट सॉफ्टवेअर आवृत्तीच्या गाड्या परत बोलावल्या. लांब उतारावर ब्रेकला पाय न लावता, वन-पेडल मोडमध्ये (ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी आपोआप वेग कमी करते तो मोड) बराच वेळ उतरत राहिलं तर पुढे ब्रेक निकामी होण्याची शक्यता होती. इलेक्ट्रिक एक्ससी४० त्यात होती. इलाज सॉफ्टवेअर अपडेटचा. तुम्ही दर महिन्याला कुंभार्ली घाट उतरणार आहात, तेव्हा गाडीचा चेसिस नंबर व्होल्वोच्या सर्व्हिस सेंटरला देऊन "या गाडीवर काही रिकॉल बाकी आहे का, सॉफ्टवेअर कोणतं आहे" हे लेखी मागा. ते होईपर्यंत घाटात वन-पेडल बंद ठेवा.

आता तुमच्या गावचा हिशेब. कराड, पाटण, कुंभार्ली, चिपळूण असं संगमेश्वर साधारण ३०० किलोमीटर धरू. ई-ट्रॉन १०० किलोमीटरला २४ युनिट खाते, म्हणजे ७२. एक्ससी४० ला २० धरले तर ६०. दोन्ही १०० टक्क्यांवर निघाल्या तर १५-२० टक्क्यांवर पोहोचतील. कागदावर जमतं, पण वयस्कर माणसं बरोबर असताना असा प्रवास करू नये. कराडला अर्धा तास थांबा, चहा-नाश्ता होईल, गाडीही भरेल. परतीला घाट चढायचाय. माणसांसकट पावणेतीन टनांची गाडी सहाशे मीटर उचलायला साडेचार-पाच युनिट जास्तीचे लागतात, ऐकताना वाटतं त्यापेक्षा हे कमीच आहे. उतरताना त्यातले बरेच परत मिळतात, फक्त घाटमाथ्यावर बॅटरी काठोकाठ भरलेली नको, नाहीतर परत आलेली वीज साठवायला जागाच नसते. गावच्या १५ अँपिअरच्या पॉइंटवरून १० अँपिअर ओढले तर ताशी दोन-सव्वादोन युनिट. रात्रभरात पंचवीस-तीस टक्के भरेल. पावसात व्होल्टेज पडतं तेव्हा तेही नाही. म्हणून तिथे वेगळी वायर ओढून घ्या आणि अर्थिंगचा खड्डा नवा करा. हा काही हजारांचा खर्च आहे, तो टाळू नका.

टोलमाफीचा हिशेब तुम्ही धरलाय, तो या वाटेवर लागू नाही. राज्य सरकारची इलेक्ट्रिक गाड्यांची माफी मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, अटल सेतू आणि समृद्धीवर आहे. खेड-शिवापूर, आणेवाडी, तासवडे हे राष्ट्रीय महामार्गावरचे टोल, ते भरावे लागतील.

कागदपत्रांत घरगुती मालकाची गाडी सोपी असते. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. ट्रान्स्फरसाठी फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, आणि इथल्या कराचं आरटीओत आधी विचारून घ्या. विमा १४ दिवसांत नावावर करायला टाका. विकणाऱ्याचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो.

कंपनीच्या नावावरची ऑडी मात्र वेगळं प्रकरण आहे, आणि हे तुम्हाला डीलर सांगणार नाही. इलेक्ट्रिक गाडीवर आयकरात वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो, साध्या गाडीवर १५. म्हणून अनेक व्यावसायिकांनी या गाड्या कंपनीच्या नावावर घेतल्या. आता विकताना जुन्या गाडीवरचा १८ टक्के जीएसटी विक्रीची किंमत आणि वहीतली घसारा वजा जाता उरलेली किंमत यांच्या फरकावर बसतो. ढोबळ धरा, १ कोटी २० लाखांची गाडी. चार वर्षं ४० टक्क्यांनी घटत वहीत उरले साडेपंधरा लाख. ४९ लाखांना विकली तर फरक साडेतेहतीस लाख, आणि त्यावर जीएसटी सहा लाख. खासगी मालक आपली गाडी विकतो तेव्हा हा प्रश्न येत नाही. त्यामुळे आजच विचारा, ४९ लाख जीएसटी धरून की वेगळा? बिल कोण देणार, कंपनी की डीलर? "बिल कमी रकमेचं करू, बाकी रोख द्या" असं कुणी म्हटलं तर उठून या. डीलर नुसता मध्यस्थ असेल तर विक्री कंपनीचीच होते, तेव्हा सही करणाऱ्या माणसाकडे कंपनीचं अधिकारपत्र हवं.

आणि एक लहानशी वाटणारी गोष्ट. गाडी आधीच्या मालकाच्या मोबाइल ॲपला जोडलेली असते. त्याने ती खात्यातून काढली नाही तर तुम्ही मुख्य वापरकर्ता होऊ शकत नाही, आणि तुमची गाडी कुठे उभी आहे हे त्याला दिसत राहू शकतं. पैसे देण्याआधी, समोर बसून, ते काढून घ्या. दोन्ही चाव्या आणि पोर्टेबल चार्जर हातात घ्या. भिंतीवरचा चार्जर सौद्यात आहे की नाही, तेही कागदावर लिहून घ्या.

माझं मत विचाराल तर व्होल्वो. बॅटरीची वॉरंटी दोन वर्षं जास्त, हवेच्या पिशव्या नाहीत, वजन कमी म्हणून टायर आणि बुशिंगचा (सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरांचा) खर्च कमी. शिवाय ही गाडी बेंगळुरूजवळ होसकोटेला जोडली जाते. ऑडी पूर्ण आयात, आणि जिथे ती बनायची तो ब्रसेल्सचा कारखाना फेब्रुवारी २०२५ ला बंद झाला. भाग मिळतील, पण अपघातानंतर एखाद्या दिव्यासाठी दोन महिने थांबलेले लोक मी पाहिलेत. व्होल्वोची मागची सीट ऑडीपेक्षा अडचणीची आहे आणि खड्ड्यात ती थोडी कडक लागते. आई-वडिलांना मागे बसवून सिंहगड रोडवर तासभर फिरवा, निर्णय त्यांच्या गुडघ्यांना करू द्या. त्यांना नाही जमली आणि ऑडीच घ्यायची ठरली, तर जीएसटीसकट ४३ लाखांच्या वर जाऊ नका, आणि ऑडीची वाढीव वॉरंटी त्या गाडीला मिळते का हे आधी पक्कं करा. मिळत नसेल तर सोडा. भाव पाडायला तुमच्याकडे कारणही आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवरचा कर ५० वरून ४० टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकचा ५ टक्क्यांवरच राहिला, त्यामुळे दोन्हींतली दरी कमी झाली आणि जुन्या इलेक्ट्रिकला गिऱ्हाईक थांबून विचार करायला लागलं. डीलरला हे चांगलं माहीत आहे.

व्होल्वो घ्यायची तर मालकाला विचारून शनिवारी रॅम्पची वेळ घ्या, आणि जाताना बॅटरी २० टक्क्यांपर्यंत उतरवून न्या. भरलेल्या बॅटरीत सेलमधला फरक झाकला जातो, आणि तिथून फास्ट चार्जरवर लावली तरी वेग किती घेते ते कळत नाही.